कुसळ दिसेल अशी लेन्स

दहापैकी आठ. क्वालिटीच्या साहेबांनी आकडा सांगितला आणि पेनाला टोपण लावलं. प्रेसच्या आवाजामुळे त्यांना तो दोनदा सांगावा लागला. दोन्ही वेळा तपासणीच्या टेबलावरची बाई त्यांच्याकडे न बघता रिकाम्या क्रेटकडे बघत होती.

ही गोष्ट मंगळवारची. कुरुळीजवळच्या एका प्रेसशॉपमध्ये मी व्हिडिओ घ्यायला गेले होते. तिथे पत्रा कापून अंगठ्याएवढे ब्रॅकेट करतात आणि ते चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या गाड्यांत बसतात. ब्रॅकेटवरून वायर जाते. पत्रा कापताना कडेला केसासारखा बारीक तंतू राहतो. इंजिनिअर त्याला बर म्हणतात, टेबलावरच्या बायका कुसळ म्हणतात. कुसळ राहिलं की वायरचं आवरण कापलं जातं. असे काही तुकडे गिऱ्हाईक कंपनीला सापडले होते, आणि ठपका शेवटच्या टेबलावर तुकडे तपासणाऱ्या बाईवर आला होता. ‘बाई बदला’ असा दोन शब्दांचा निरोप वरून आला होता.

बाई लातूरकडची, पस्तिशीची, कुरुळीत एका खोलीत राहणारी. नवरा भोसरीत वर्कशॉपला, मुलगी दहावीला. नोकरी कॉन्ट्रॅक्टवर. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला कुणी काढत नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा गेट पास चालत नाही, एवढंच.

साहेबांनी तिच्यासाठी एक चाचणी मागून घेतली होती. दोनशे तुकड्यांचं एक क्रेट. त्या दोनशेत दहा खराब तुकडे मिसळलेले, त्यांवर खास दिव्याखालीच दिसणाऱ्या शाईचा ठिपका. तिने ते दहा वेगळे काढायचे. हे सगळं सलग व्हिडिओवर हवं, मध्ये कुठे कट नको, आणि तुकड्याची कड दिसायला हवी. गिऱ्हाईक कंपनीला तो बुधवारी संध्याकाळपर्यंत हवा होता. गुरुवारी इकडे कारखान्यांची सुट्टी, शुक्रवारी त्यांची बैठक. दहा निघाले तर बाई राहणार, नाहीतर पास बंद.

आणि आठ निघाले.

त्यात माझा वाटा किती, हे मला तिथे उभं असतानाच कळलं होतं. मी माझी मोठी लेन्स नेली होती. चित्र उत्तम देते, पण वजनाला पाण्याच्या भरलेल्या बाटलीएवढी. तिच्यासाठी मोठा स्टॅन्ड लागतो. तिची पोच कमी, म्हणून कड दिसायला टेबलाजवळ जावं लागतं, म्हणजे जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या आत. पट्टीच्या आत स्टॅन्ड म्हणजे सेफ्टीची परवानगी, भोवती लाल शंकू, सगळ्यांना गॉगल. स्टॅन्ड उघडेपर्यंत सुपरवायझरने टेबल पुसून घेतलं, मागच्या भिंतीवरचा फाटका तक्ता बदलला आणि कपाटाचं कुलूप काढून कोऱ्या हातमोज्यांची जोडी आणली. जाड, कापलं जाणार नाही असल्या दोऱ्याचे. बाईने ते घातले.

आमच्या या सगळ्या पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, हे असंच चालतं. कॅमेरा आला म्हणजे ऑडिट आलं. माणसं रोजचं काम बाजूला ठेवतात आणि कागदावर लिहिलेलं काम करून दाखवतात. मी स्वतः भोसरीत अठरा वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली आहेत. ऑडिटच्या दिवशी आम्हीही असेच हातमोजे चढवायचो, आणि साहेब गेले की काढून ठेवायचो, कारण कुसळ डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं. वर्कशॉप बंद पडल्यावर मी कंपन्यांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ करायला लागले, त्यालाही आता सहा वर्षं झाली. इतकं माहीत असूनही मी मोठी लेन्स नेली, कारण मोठी लेन्स बघून गेटवरचा माणूस नीट बोलतो.

भरीस भर म्हणजे पूर्ण टेबलावरून कडेपर्यंत जाताना लेन्सची नजर क्षणभर सुटत होती. चित्र धूसर होऊन परत जमत होतं. निसटलेल्या दोनपैकी एक तुकडा नेमका त्या धूसर क्षणात गेला होता. बघणाऱ्याला वाटणार, मुद्दाम केलंय.

"हा व्हिडिओ चालणार नाही," मी साहेबांना त्यांच्या केबिनमध्ये सांगितलं.

"चालतो की. सलग आहे."

"हातमोजे आज कपाटातून काढलेत. रोज ती काय घालते?"

ते उठले. मग दार लोटून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला माहीत आहे. पहिल्या बोटाचं टोक कापलेले मोजे. मला पण माहीत आहे. पण मला माहीत आहे हे मी कुठे लिहू?"

"मग आज तुम्ही तिची परीक्षा घेतली नाहीत. हातमोज्यांची घेतलीत."

"उघडं बोट व्हिडिओत दिसलं तर सेफ्टीवाले तिचा पास त्याच दिवशी बंद करतील. आणि माझ्याही नावाने ताकीदपत्र येईल."

"आणि आठ दिसले तर?"

त्यांनी कपाळ चोळलं. अखेर अटी घातल्या. उद्या पहिल्या शिफ्टला पुन्हा. लाईन थांबणार नाही, पट्टीच्या आत पाय नाही, गर्दी नाही. दहा तुकडे नव्याने मिसळणार. आणि आजचा व्हिडिओ ते पुसणार नाहीत. उद्याही आठ आले तर दोन्ही पाठवणार.

अटी रास्त होत्या. एवढंच की त्या पाळायला माझ्याकडे लेन्स नव्हती.

बाई गेटबाहेर शेअर रिक्षाची वाट बघत उभी होती. मी स्कूटर थांबवली.

"उद्या रोजचेच हातमोजे घाल," मी म्हटलं.

"घालतेच. हे मोजे घालून काय कळंल ओ? गोधडीतून तांदूळ निवडायल्यासारखं हाय ते." मग जवळ येऊन म्हणाली, "पण ताई, लांबूनच घ्या. बोट नका दाखवू."

"कड दाखवायची तर बोट दिसणार."

"तुमचं काय जायलंय? पास माझा हाय."

 बघते, म्हटलं आणि निघाले.

मोशीच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला. डोक्यात एकच हिशेब चालू होता. पट्टीपासून टेबल आठ फूट. तिथून पूर्ण टेबल दिसलं पाहिजे आणि न थांबता अंगठ्याएवढ्या तुकड्याची कडही दिसली पाहिजे. पट्टीबाहेर स्टॅन्डला जागा नाही, तिथून ट्रॉली जाते. पण तिथे गेज, म्हणजे मापायची साधनं, ठेवायचा लोखंडी रॅक आहे, त्याच्या खांबाला शिकंजा लावून कॅमेरा अडकवता येईल. म्हणजे लेन्स हलकी हवी. प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला तिचं नाक खाली येता कामा नये.

चिंचवडला ज्यांच्याकडून मी नेहमी सामान घेते, ते दुकानदार माझ्याच वयाचे, बोलायला तिखट. मी तीन लहान झूम लेन्स काउंटरवर मागितल्या.

"लग्नाला की कंपनीला, ताई?"

"कंपनीला."

"मग लहान कशाला? कंपनीत लेन्स बघून खुर्ची देतात."

"आज दिली. काम झालं नाही."

"म्हणजे आज चहा पण मिळाला असेल," ते म्हणाले आणि कपाट उघडायला गेले.

तिन्ही लेन्स मी एकाच पद्धतीने तपासल्या. पर्समधली शिवणाची सुई काउंटरच्या टोकाला ठेवली, आठ फुटांवर कॅमेरा धरला, पूर्ण काउंटरवरून सुईपर्यंत गेले आणि परत आले. दुकानातले जादा दिवे बंद करायला लावले.

"वीजबिल तुम्ही भरता का?"

"शॉप फ्लोअरवर याहून कमी उजेड असतो."

पहिली लेन्स मुठीत मावत होती. मोटरवर चालणारी, बोटाने लिव्हर सरकवली की झूम. मन लगेच तिच्यावर गेलं. पण जवळ जाताना चित्र काळवंडत होतं. ही लेन्स जितकी पुढे बघते तितकी डोळा बारीक करते. कॅमेऱ्याने उजेड भरून काढला तर चित्रात रवाळ कण आले, आणि त्या कणांत सुई दिसेना. कुसळ तर सुईच्या टोकाहून बारीक.

दुसरी हाताने फिरवायची. किंचितच मोठी, पण काय चित्र! पूर्ण झूममध्ये उजेड तसाच, सुईचं भोकसुद्धा स्पष्ट. फिरवली की तिची नळी दोन बोटं बाहेर येत होती.

"घ्या हीच," दुकानदार म्हणाले. "नवीन आहे, सगळे हीच नेतात."

"काउंटरवर बुक्की मारा."

"काय?"

"बुक्की. दर दोन सेकंदांनी. प्रेस समजा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बुक्क्या मारायला लागले. मी कॅमेरा काउंटरच्या कडेला शिकंज्याने अडकवला. बाहेर आलेली नळी दर बुक्कीला थरथरत होती, आणि लेन्सला हात लावून फिरवलं की पूर्ण चित्र डगमगत होतं. वीस मिनिटं असं बघून माणसाला मळमळेल. मन खट्टू झालं, पण लेन्स परत ठेवली.

तिसरी त्या दोघींपेक्षा मोठी होती, चहाच्या उंच ग्लासाएवढी, तरी माझ्या लेन्सच्या निम्म्याहून कमी वजनाची. झूम आतल्या आत होणारी, नळी बाहेर येत नाही. लिव्हरवर चालणारी, म्हणजे लेन्सला धक्का नाही. उजेड पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा, पण दुसरीच्या निम्मा. भरभर झूम केली तर नजर सुटत होती, हळू केली तर टिकत होती. मी चार वेळा केली, पाच वेळा केली. दुकानदारांची मूठ लाल झाली.

"झालं का? माझा हात काय स्पेअर पार्ट आहे?"

"उजेडाला एखादा छोटा चिकटवायचा दिवा असेल?"

दिवा निघाला. उद्या नीट चालली तर विकत घेईन, नाहीतर एक दिवसाचं भाडं, असं ठरवून मी तिसरी घेतली. पुनावळ्याला घरी पोचल्यावर संध्याकाळभर स्वयंपाकाच्या ओट्यावर तांदळाचा एक एक दाणा ठेवून लिव्हर किती हळू दाबायची याचा सराव केला. नवरा म्हणाला, "भात आज लावणार आहेस की नुसता दाखवणार आहेस?"

बुधवारी सकाळी साडेसातला मी रॅकच्या खांबाला कॅमेरा अडकवला, वर दिवा चिकटवला. पाच मिनिटं लागली. सुपरवायझर दोनदा बघून गेला.

"मॅडम, कॅमेरा कुठाय?"

"हा काय."

"एवढाच?" त्याचा चेहरा पडला आणि तो प्रेसकडे निघून गेला. कपाटाचं कुलूप कुणी काढलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघी भाजीच्या भावावर बोलत होत्या, बोलत राहिल्या. बाई आली, बांगड्या वर सरकवल्या, रोजचे हातमोजे घातले. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक कापलेलं. तिने कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

साहेबांनी क्रेट ठेवलं आणि घड्याळ लावलं. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

पूर्ण टेबलाच्या चित्रात ती, क्रेट, दोन खोकी, सगळं स्पष्ट होतं. बोट उघडं आहे की झाकलेलं, ते मात्र कळत नव्हतं. या चित्रावर मी वीस मिनिटं थांबले असते तर तिचा पास सुरक्षित होता. पण कड दिसत नव्हती. गिऱ्हाईक कंपनीचा माणूस म्हणाला असता, ही बाई तुकडे इकडचे तिकडे टाकते आहे, तपासते कुठे?

तिने तुकडा उचलला, कडेवरून बोट फिरवलं, चांगल्याच्या खोक्यात. उचलला, बोट, चांगला. वेग कालच्या दीडपट. अकरावा तुकडा तिने पुन्हा एकदा फिरवला आणि लाल खोक्यात टाकला. मला वाटलं आता जवळ जावं. नाही गेले. पुढचा खराब निघाला तेव्हाही नाही. अंगठा लिव्हरवर नुसता टेकलेला होता. रोजचं खरं काम समोर चाललं होतं, कालच्या नाटकाच्या अगदी उलट, आणि मी ते लांबून घेत होते. तिने सांगितलं म्हणून. की मला भीती वाटत होती म्हणून? ते आजही नक्की सांगता येणार नाही.

चौथा खराब तुकडा निघाला तेव्हा मी लिव्हर दाबली. तिला विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर तिचा हात थांबला असता. हळू, काल तांदळाच्या दाण्यावर गेले तशी गेले. टेबल बाजूला सरलं, क्रेट गेलं, पडद्यावर कड आली, कडेवर आडवं पडलेलं कुसळ, आणि त्याला टेकलेलं उघडं बोट. बोटाच्या टोकावर बारीक काळ्या चिरा होत्या. नजर सुटली नाही.

तिला कळलं. कसं, माहीत नाही. लेन्स बाहेर आली नव्हती, आवाजही झाला नव्हता. बहुतेक माझ्या चेहऱ्यावरून. पुढचा तुकडा तिच्या हातात दोन क्षण जास्त थांबला. मग ती पुन्हा लागली कामाला, पण ओठ घट्ट मिटून. मी उरलेला वेळ कडेवरच राहिले, मधून मधून मागे येऊन लाल खोकं दाखवत. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

क्रेट संपलं. साहेबांनी लाल खोकं खास दिव्याखाली पालथं केलं. दहा ठिपके मोजले. चांगल्याच्या खोक्यातले एकशे नव्वदही एक एक करून दिव्याखालून नेले. ठिपका नाही.

"दहा," ते म्हणाले.

ती उठली, हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "जवळ आलात ना?"

"आले."

"मी नको म्हणलेलं."

"हो."

"मग इचारलं कशाला नाही?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणलेच असते! माझं हाय ते म्हणणं," ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली. शेजारच्या दोघी भाजी विसरून आमच्याकडे बघत होत्या.

केबिनमध्ये साहेबांनी व्हिडिओ बघितला. बोट आलं तिथे थांबवला. 

"हे एवढं काढता येईल?"

"येईल. पण कट नको, असं तुम्हीच लिहून दिलंय."

"तुम्ही मला अडकवलंत, मॅडम."

 खरं होतं ते. त्यांनी व्हिडिओसोबत दोन ओळी लिहिल्या, की बोटाचं टोक उघडं ठेवण्याची पद्धत त्यांना माहीत होती आणि जबाबदारी त्यांची आहे. लिहून झाल्यावर मला वाचायला लावलं. मंगळवारचा व्हिडिओही त्यांनी सोबत जोडला. मला वाटलं होतं, नाही जोडणार. ते म्हणाले, "बोट झाकून आठ, उघडं ठेवून दहा. दोन्ही बघितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?"

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला. गिऱ्हाईक कंपनीने तपासणी मान्य केली होती, बाई बदलायची गरज नाही असं लिहून दिलं होतं. पण उघडं बोट मान्य नाही. यापुढे कडेवरून कापसाचा बोळा फिरवायचा, कुसळ असेल तर कापसाचा तंतू अडकतो. नव्या पद्धतीचा कागद निघेपर्यंत ती पॅकिंगला, तिथे ओव्हरटाइम नाही. साहेबांना पत्र आलं, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

"तिचा पास?"

"चालू आहे. सकाळी पंच करून आत आली."

मी फोन ठेवला आणि चिंचवडला जाऊन लेन्सचा व्यवहार पूर्ण केला. दुकानदारांनी विचारलं, खुर्ची मिळाली का? नाही, म्हटलं, रॅकला टेकून उभी होते.

तीन आठवड्यांनी नव्या पद्धतीचा ट्रेनिंग व्हिडिओ करायला मी परत गेले. ती टेबलावर परत आली होती, समोर कापसाच्या बोळ्यांचा डबा. मी रॅकला कॅमेरा अडकवत होते तोवर तिने एकदाही बघितलं नाही.

"सुरू करू?" मी विचारलं.

"थांबा." ती उठून पट्टी ओलांडून माझ्या बाजूला आली. "आधी मला दाखवा, काय काय दिसायलंय."

मी पडदा तिच्याकडे वळवला आणि लिव्हर तिच्या अंगठ्याखाली दिली. तिने पूर्ण झूम केली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. सुपरवायझर लांबून घड्याळ दाखवत होता. ती सावकाश बघत होती.

"इथपर्यंत या," तिने सांगितलं. "याच्या पुढं नको."

कड तिथून दिसत होती. मी झूमच्या त्या जागेची खूण केली, आणि ती जाऊन बसली.